फोटोपुरते संगणक

वरोऱ्यापलीकडच्या एका सरकारी शाळेतले संगणक आल्या दिवसापासून कुलपात होते. आज तपासणीचे साहेब आले, म्हणून मुख्याध्यापकांनी खोली उघडून मुलींना बंद पडद्यांसमोर बसवलं.

"सर, सुरू करू काय?" इकरानं विचारलं.

"हात नको लावू, बिघडन. फोटोपुरती बस."

रंजीताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संगणक शिकवायला नेमलेल्या या बाई आजवर फळ्यावर कीबोर्ड काढून शिकवत होत्या. साहेबांदेखत त्यांनी मेन बटण दाबलं आणि कुलपाला लागलेली खोलीची चावी काढून पर्समध्ये टाकली.

"बाई, चावी द्या," मुख्याध्यापक पुटपुटले.

"नाई देत. बिघडले तं बिघडले. पोरी तं शिकतीन."

साहेब निघून गेले. बाई मात्र शाळा सुटेपर्यंत धुमसतच शिकवत राहिल्या.