वजा दोन

"मावशीला परत विचार," विचियन मास्तर म्हणाले. "म्हशी धरून सांगत असेल."

पहिल्या बाकावरच्या कानलयाने फोन कानाला लावला. तिची मावशी नदीपलीकडे, म्हणजे लाओसात दिलेली. "म्हशी वेगळ्या, म्हणते. नुसती माणसंच सातशे."

मास्तरांचा खडू हवेतच राहिला. मागच्या बाकावर ओरथाई मॅडम बसल्या होत्या. एकोणीस मुलांची ही शाळा ठेवायची की मिटवायची, हे आज त्या ठरवणार होत्या. मास्तरांनी अर्जात ठणकावून लिहिलं होतं : 'समोरच्या देशातलं गाव आमच्याहून लहान, तरी तिथे शाळा आहे.' आणि पुरावा म्हणून आजचा धडा होता : दोन्ही गावांची लोकसंख्या, समीकरणाने. पलीकडचे आपल्याला कधी गाठतील? शंभरेक वर्षं तरी येतील, असा मास्तरांचा अंदाज. 'तोवर मला पेन्शन लागेल' हा विनोदही तयार होता.

पाच वर्षांपूर्वी होड्यांच्या शर्यतीत दोन्ही मुखियांनी छाती फुगवून आकडे सांगितले होते. इकडे सातशे, तिकडे सहाशे दहा. आज इकडे सहाशे चाळीस.

"थांबू या का?" मॅडमनी विचारलं.

पण सत्तावीस वर्षांची सवय. हात थांबेना. वर्षाला इकडे बारा कमी, तिकडे अठरा जास्त. वर्षांसाठी 'व'. ६४० − १२व = ७०० + १८व.

कानलयाने सोडवलं आणि तोंड वाकडं केलं. "वजा दोन आलं, मास्तर. टाकून देऊ? तुम्हीच म्हणता ना, वर्षं वजा नसतात."

सत्तावीस वर्षं ते तसंच म्हणत आले होते. किती उत्तरं टाकायला लावली असतील! मास्तर मटकन खुर्चीत बसले.

"टाकू नकोस," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे. ते होऊन गेलंय. आपल्याला कळलं नाही, इतकंच."

तेवढ्यात नदीपलीकडून घंटा घणघणली. एकोणीसच्या एकोणीस मुलं ताटल्या घेऊन पळाली.

मॅडम चमकल्या. "अहो, ही त्यांची घंटा ना? तुमची मुलं का उठली?"

"आमची तडकली, मॅडम. तेव्हापासून त्यांच्याच घंटेवर शाळा भरते नि सुटते. नवी मागितली होती."

"कधी?"

मास्तर उठले. खडू घेऊन त्यांनी फळ्यावरच्या वजा दोनखाली, बरोबर उत्तराखाली ओढतात तशा, दोन सरळ रेघा ओढल्या.