तोंडात घास असताना

शी! अजून तो वास नाकातून जात नाही.

डुकरं बोलायला लागली तेव्हा आमच्या कत्तलखान्याला एक नियम लागला. फाटकाशी उभं करून प्रत्येकाला नाव विचारायचं. सांगितलं तर सोडून द्यायचं, गप्प राहिलं तर मुकं समजून आत. विचारायचं काम माझ्या धाकट्या दिराकडे. मी तिथेच पाइपाने फरशी धुते.

आणि हा शहाणा काय करायचा? आधी खरकट्याने भरलेला डाव डुकराच्या तोंडात कोंबायचा, मग विचारायचा, "नाव?"

"सुटलं की साहेबाच्या शिव्या मी खायच्या ना, वहिनी!" म्हणायचा आणि त्याच हाताने नाक पुसायचा. किळस यायची मला. तरी बहुतेक डुकरं भरल्या तोंडानेच नाव ओरडायची, खरकटं माझ्या अंगावर उडायचं आणि ती सुटायची. मग याचं तोंड दिवसभर वाकडं.

काल ती डुकरीण आली. कुणाच्या तरी घरात लाडाकोडात वाढलेली, वाट चुकून पकडली गेलेली. ट्रकमध्ये उपाशी राहून पोट खपाटीला गेलेलं, तरी मला म्हणते, "ताई, जपून हं, फरशी निसरडी आहे." मला! फरशी धुणारीला! हसूच आलं.

दिराने तिच्या तोंडात डाव कोंबला. "नाव?"

तिने ओठ मिटले. सांगते, थांबा, अशी मान हलवली आणि भराभर चावायला लागली. चांगल्या वळणाची ना! तोंडात घास असताना बोलायचं नाही, हे कुणीतरी कौतुकाने शिकवलं असणार.

"अगं बोल ना, बये!" मी किंचाळले. "भावजी, थांबा! आत्ताच बोलली माझ्याशी!"

"मी विचारलं. तिने सांगितलं नाही," तो म्हणाला.

तिने घास गिळला. "माफ करा, तोंडात घास होता. माझं नाव..."

त्याने आतल्या दाराचा खटका ओढला.

आतली रक्ताळलेली फरशीसुद्धा मलाच धुवावी लागली. मोरीशी बसून भडाभडा ओकले.

घरी आल्यावर तो माझ्यासमोरच जेवायला बसला. मचमच आवाज करत, भरल्या तोंडाने साहेबाने कसं कौतुक केलं ते सांगत होता. बोलता बोलता जोरात ठसका लागला. डोळे पांढरे झाले, हात पाण्यासाठी चाचपडायला लागला.

"व... वहिनी... पा..."

तांब्या माझ्या उजव्या हाताशी होता. मी डाव उचलला आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं.

"काय म्हणालात, भावजी?" मी विचारलं. "ऐकू नाही आलं."