पुढचे दार

"हळू. पायरी आहे," मी म्हणाले.

"माहितीये. ही पायरी कागदावर होती तेव्हापासून ओळखतो मी तिला," असे म्हणत बाबांनी माझा हात मात्र घट्ट धरला.

आजारपणात त्यांनी एवढा एकच हट्ट केला होता. ती इमारत दाखव. बाबा नगरपालिकेत कारकून होते; बिल्डरांशी होणाऱ्या करारांचे मसुदे ते लिहायचे. पालिकेने जमीन द्यायची, बिल्डरने खाली दुकाने आणि वर घरे बांधायची, त्यातली काही घरे बेताच्या मिळकतीच्या लोकांना स्वस्तात द्यायची. या इमारतीच्या वेळी बिल्डरला त्या लोकांसाठी मागच्या गल्लीतून वेगळा जिना काढायचा होता. बाबांनी साहेबांच्या मागे भुणभुण लावली. पुढचे दार सगळ्यांना एकच हवे. शेवटी बिल्डरने ते मानले, पण त्या बदल्यात एक मजला वाढवून घेतला. ऑफिसात बाबांचे नाव 'दारवाले' पडले.

आईही सोडायची नाही. "जगाला दारं वाटत फिरतात, आणि आमच्या बाथरूमची कडी कधीची लोंबतेय!"

"उद्या बसवतो," बाबा म्हणायचे.

दार सुंदर होते. रुंद, काचेचे, पितळी मुठीचे. बाबांनी मूठ ओढली. दार हलले नाही. शेजारी कार्ड टेकवायची काळी डबी होती.

खालच्या दुकानातल्या शिंप्याने मशीन थांबवले. "कुणाकडे जायचंय, काका?"

"कुणाकडे नाही. दार बघायला आलोय."

शिंप्याने माझ्याकडे पाहिले. मी नुसती हसले.

तेवढ्यात पांढऱ्या बुटांतली एक नर्स पिशव्या सांभाळत आली आणि गल्लीकडे वळली.

"ताई, दार इकडे आहे," बाबा म्हणाले.

"ते कार्डवाल्यांचं, काका. आम्हा स्वस्तातल्या घरांना कार्ड नाही दिलेलं. आम्ही मागून, सामानाच्या जिन्यानं."

"अहो, पण करारात आहे!"

"असेल हं," ती म्हणाली. पेशंटशी बोलावे तितक्या मायेने.

बाबा पायरीवर बसले. त्यांचा चेहरा पाहून ती परत आली, पिशव्या खाली ठेवून त्यांची नाडी बघू लागली.

"सर्वांसाठी एकच दार बांधून द्यावे, असं लिहिलं गं मी," बाबा मला म्हणाले. "दिलं त्यांनी बांधून. ते उघडं ठेवावं, हे लिहायचं राहिलं. दार बांधून कुणी ते माणसांना बंद करेल, हे डोक्यातच आलं नाही."

"वाचलं तर सगळ्यांनीच होतं, बाबा."

"मसुदा माझा होता."

आतून कुणीतरी बाबागाडी ढकलत बाहेर आले. बाबा उठले. एवढे बळ त्यांच्यात उरले असेल असे मला वाटले नव्हते. मिटू लागलेल्या दाराला त्यांनी पाठ लावली.

"या, ताई."

"अहो काका, कशाला उगाच…"

"या. मी धरलंय."

तिने पिशव्या उचलल्या. पायपुसण्यावर बूट पुसले, गरजेपेक्षा जास्तच वेळ, आणि आत गेली. लिफ्टपाशी तिने एकदा वळून पाहिले.

"चला आता, बाबा."

"थांब. अजून कुणी येईल."

त्यानंतर बाबा फार दिवस राहिले नाहीत. कडीसाठी सुताराला बोलावू म्हटले, तर आई विषय बदलते.

परवा तिने त्यांचे शर्ट काढले. "लहान करून घे. मी घालेन घरात." मी तिला त्याच शिंप्याकडे नेले. तिने इमारत कधी पाहिली नव्हती. मापे देऊन बाहेर आल्यावर ती दारासमोर थांबली.

"हेच का?"

"हेच."

"मला वाटलं, केवढं असेल." तिने पितळी मुठीवरून बोट फिरवले. "बरं आहे की."

आतून एक माणूस फोनवर बोलत बाहेर पडला आणि निघून गेला. दार मिटायला लागले. आई पुढे झाली आणि पाठ लावून उभी राहिली.

"आई, कुणी नाहीये."

"येईल की," ती म्हणाली, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.