पिन टेकवू नये

शनिवार पेठेतल्या तबकडी श्रवण मंडळावर त्या उन्हाळ्यात आभाळ कोसळलं. रेकॉर्डवर फिरणारी पिन ज्या बोटाच्या पेराएवढ्या डबीत बसवलेली असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. मंडळाला लागणारं कार्ट्रिज बनवणाऱ्या परदेशी कंपनीने इतक्या वर्षांनी उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. मंडळाकडे आता एकच कार्ट्रिज उरलं होतं, आणि ते यंत्रालाच लावलेलं होतं.

"दुसऱ्या कंपनीचं घेऊ की," चेतन म्हणाला. तो मंडळातला सर्वांत तरुण सभासद, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा.

अध्यक्ष इंद्रजीतरावांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जरूर घ्या. आणि आपल्या घरी ऐका."

मग तातडीची सभा झाली. पिन झिजते कशाने, तर रेकॉर्डवर टेकल्याने. तेव्हा ती टेकवायचीच नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. दर रविवारी जमायचं, रेकॉर्ड फिरू द्यायची, पिन मात्र वर अधांतरी ठेवायची. सगळी गाणी सगळ्यांना पाठच होती, ज्याने त्याने आपापल्या मनात ऐकावीत. नियम दाराबाहेरच्या फलकावर लिहिला गेला. खाली नेहमीची ओळ होतीच: फलक वाचावा, विचारू नये.

यंत्र सांभाळायचं काम बद्रीनाथ मेहेंदळ्यांकडे होतं. त्यांच्या पत्नी यमुनाबाई त्या सभेला नव्हत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या वाघोलीला लेकीकडे, नम्रताकडे गेल्या होत्या, आणि परत आल्या त्या काळा चष्मा लावून. फलक काही त्यांनी वाचला नाही. बद्रीनाथांना वाटलं, मंडळातल्या कोणीतरी सांगितलं असेल. मंडळाला वाटलं, नवऱ्याने सांगितलं असेल. लग्नाला पन्नास वर्षं होत आली की नवरे बरंच काही सांगितलंच आहे असं धरून चालतात.

पहिल्या रविवारी यमुनाबाई मागच्या रांगेतल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. तिथून पिन काही दिसत नव्हती. रेकॉर्ड फिरू लागली. इंद्रजीतरावांनी डोळे मिटून मान डोलावली, चेतनने मांडीवर ताल धरला आणि थोड्या वेळाने सगळ्या सभागृहाने एकदम "वा" केलं. यमुनाबाईंनी कान टवकारले. पंख्याची कुरकुर त्यांना ऐकू येत होती, खाली रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता तेही ऐकू येत होतं. फक्त गाणं ऐकू येत नव्हतं.

मधुमेहात गोड बंद होतं आणि तिखट चालतं, तसंच कानांचंही होत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. नम्रताला सांगावं तर ती दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे नेऊन उभी करणार. मंडळाला सांगावं तर सगळे कीव करणार, आणि पेठेत कीव कशी करतात ते त्यांना ठाऊक होतं. पुढच्या समेला त्यांनीही "वा" म्हटलं, फक्त किंचित उशिरा.

बैठक संपल्यावर जिन्यात नेहमीसारखा वाद झाला. "आज तानेत दम नव्हता," एक जण म्हणाला. "मागच्या रविवारी जास्त रंगलं होतं," दुसरा म्हणाला. आवाज जरा मोठा होता, शेजाऱ्यांचा विचार करायला हवा, अशीही एक तक्रार आली. यमुनाबाई खाली मान घालून पायऱ्या उतरल्या.

घरी त्यांनी गुणगुणणं सोडलं. जन्मभर पोळ्या लाटताना त्या गुणगुणत आल्या होत्या. पण आता गुणगुणल्या आणि आपलाही आवाज आपल्याला आला नाही तर काय, ही भीती. बद्रीनाथ मात्र खूश होते. हिने ठराव घरीसुद्धा लागू केला, असं त्यांनी मंडळात कौतुकाने सांगितलं.

महिनाभराने त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्या रविवारी मंडळाने यमुनाबाईंचीच रेकॉर्ड लावायची ठरवली. विशीत असताना त्यांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या होत्या, त्याची एक छोटी रेकॉर्ड निघाली होती, आणि तिची एकुलती एक प्रत मंडळाच्या कपाटात होती. केलेल्या पोळ्या खाऊन संपल्या, लेक लग्न होऊन गेली, यमुनाबाईंची म्हणावी अशी ती चार मिनिटंच उरली होती. आता तीही ऐकू येणार नाहीत, या विचाराने सकाळी त्यांना चहा जाईना.

"अहो, आज जरा मोठ्याने लावाल का?" त्यांनी विचारलं.

"तू म्हणशील तेवढ्या मोठ्याने लावतो," बद्रीनाथ मनापासून म्हणाले.

रेकॉर्ड फिरू लागली. यमुनाबाईंनी आधी उजवा कान पुढे केला, मग डावा. सभागृहात माना डोलू लागल्या. "काय गळा होता वहिनी तुमचा," इंद्रजीतराव हळूच म्हणाले, गाण्यात व्यत्यय नको म्हणून.

तेव्हा यमुनाबाईंचा बांध फुटला. त्या उभ्या राहिल्या. "मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "महिना झाला, गाणं ऐकूच येत नाही मला. आज माझं स्वतःचंसुद्धा नाही आलं." आणि त्या सगळ्यांसमोर रडू लागल्या.

बद्रीनाथांनी यंत्रावरून मान वर केली.

"अगं," ते म्हणाले, "आम्हालाही नाही येत."

"म्हणजे?"

"पिन टेकवलेलीच नाही. ठराव आहे तसा. बाहेर फलकावर लिहिलंय."

यमुनाबाईंनी डोळे पुसले आणि सगळीकडे नजर फिरवली. दोन निवृत्त प्राध्यापक, एक बँक मॅनेजर, एक इंजिनियर. "मग तुम्ही वा कशाला म्हणत होता?"

"सम आली की म्हणायचो," चेतन म्हणाला.

यमुनाबाईंना आधी हसू आलं, मग आपण बहिऱ्या नाही म्हणून हायसं वाटलं, आणि त्यानंतर असा राग आला की त्या नवऱ्याकडे रोखून पाहू लागल्या. तो राग बद्रीनाथांना दिसला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला न विचारता त्यांनी पिन खाली सोडली.

"ठराव बदलायला सभा घ्यावी लागेल," इंद्रजीतरावांनी सुरुवात केली. तेवढ्यात खरखर झाली आणि वीस वर्षांची एक मुलगी ओवी गाऊ लागली. यमुनाबाईंना एकेक शब्द ऐकू आला. तिसऱ्या ओवीत वरचा सूर चिरकला होता, तोही स्पष्ट ऐकू आला. त्यांना इतका आनंद झाला की बसायचं भानही राहिलं नाही.

ओव्या संपल्या. "परत लावा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, पिन झिजते हो," इंद्रजीतराव म्हणाले.

"आणि आपण, भावजी? कोरी करकरीत पिन काय तुमच्या तेराव्याला वाजवायची?"

इंद्रजीतरावांनी थोडा विचार केला. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले. "लावा."

बद्रीनाथांनी पिन पुन्हा पहिल्या ओवीवर टेकवली. यमुनाबाई उभ्याउभ्याच रेकॉर्डबरोबर गाऊ लागल्या. तिसरी ओवी आली, आणि त्या वीस वर्षांच्या पोरीला जो सूर लागला नव्हता, तो सत्तरीतल्या बाईला लागला.