आमच्या हॉलमधला ॲम्प

नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय घेते. कमळाकर. ज्या माणसानं भरल्या मांडवात माझं तोंड बंद केलं, त्याच्या नावाला कसला आलाय मान?

पनवेलजवळ विचुंब्याला आमचा बंगला आहे, जमिनी सरकारनं घेतल्या तेव्हा आलेल्या पैशांतून बांधलेला. त्याआधी कमळाकरचा धंदा साउंडचा. ओवे गावापासून उरणपर्यंत कुठंही हळद असली की ह्याच्या स्पीकरच्या पेट्या. माणसापेक्षा उंच पेट्यांची भिंत रचायची आणि तिच्या पुढ्यात छाती काढून उभं राहायचं, वर्षानुवर्षं हेच. "छातीत धडधडला नाय तर तो आवाज कसला?" असं म्हणायचा.

आणि मी धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. हळद लावताना ती धवला गाते, देवांना मांडवात बोलावते. माझ्या आत्यानं शिकवलेल्या धवल्यात घरातल्या गेलेल्या माणसांनाही एकेकाला नावानं हाक मारून हळदीला बोलावतात. कितीतरी पोरींच्या हळदीला मी गायलेय. माझ्या स्वतःच्या पोरीच्या हळदीला मात्र मला गाता आलं नाही.

निशाला पाटावर बसवलं होतं. देवांना बोलावून झालं होतं. आता माझ्या गेलेल्या आईचं नाव घ्यायचं, एवढ्यात कमळाकरनं साउंड सुरू केला. पोरं नाचायची खोळंबली होती म्हणे. मी हातानं थांब म्हटलं, तर माईक घेऊन सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बस झाला तुजा रडगाना. तुला काय कळतंय आवाजातला?"

मांडव हसला. माझी आई नातीच्या हळदीला आलीच नाही.

त्यानंतर कुणाचं बोलावणं आलं की मी गुडघे दुखतात म्हणून सांगायची. धवला सोडला, पण ते वाक्य सोडलं नाही. एक दिवस ते त्याला चारचौघांत परत द्यायचं, एवढीच माझी इच्छा होती.

पुढं धंदा बंद झाला, पेट्या विकल्या आणि सगळी हौस आमच्या हॉलमध्ये आली. होम थिएटर. आवाज वाढवणारा काळा, जडशीळ ॲम्प आणि भिंतीभर स्पीकर. स्पीकरसाठी माझं शोकेस गेलं. हादऱ्यानं समई विझते म्हणून देव पॅसेजमध्ये गेले. संध्याकाळी ह्याचा पिक्चर लागला की घरात मिक्सर लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर कमळाकर कुरकुरायला लागला. "ॲम्प गेला वाटतंय. मानसा काय बोलतात ता कळतच नाय. नुसती गुनगुन."

मी स्वयंपाकघरात दार लावून बोंबील तळत होते, तरी मला पिक्चरमधलं अक्षर न् अक्षर कळत होतं.

नवीन पनवेलहून परेश नावाचा मेकॅनिक आला. त्यानं ॲम्प उघडला, धूळ झटकली, लावून बघितला. म्हणाला, "काका, मला तर काही प्रॉब्लेम दिसत नाही. आवाज एकदम क्लिअर आहे."

"तुला काय कळतंय आवाजातला?" कमळाकर त्याच्यावर खेकसला.

तेच वाक्य! बिचारा परेश सामान गोळा करून गेला, पण माझं डोकं चालायला लागलं. कमळाकर खुर्चीत बसला तसा मी त्याच्या पाठीमागे जाऊन पितळेची परात फरशीवर टाकली. अंगणातलं कुत्रं भुंकत उठलं. कमळाकर पडद्याकडे बघत बसला होता.

ॲम्प ठणठणीत होता. गेले होते ते ह्याचे कान.

चांगली बायको असती तर तिनं त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठला असता. मी आल्याचा चहा केला आणि एकटीनं ओट्याशी उभं राहून प्यायले. इतका गोड चहा मी बऱ्याच वर्षांत प्यायले नव्हते.

मग दुसऱ्या एका दुकानदारानं सांगितलं, ॲम्प जुना झालाय, ह्याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. कमळाकर आठवडाभर घुटमळला. जुन्यावर जीव, आणि नव्याचा मोह. शेवटी जन्मात पहिल्यांदा त्यानं मला विचारलं, "मालू, काय करू? दुरुस्त करू का नवा घेऊ?"

तोंडाशी खरं आलं होतं. गिळलं. त्याच्या समोर जाऊन मोठ्यानं म्हटलं, "दुरुस्तच करा. जुन्या वस्तूचा आवाज नव्याला येत नाय."

त्याला ते इतकं पटलं की माझ्या खांद्यावर हात ठेवला. ॲम्प दुरुस्तीला कामोठ्याला गेला, आला, परत गेला. दर वेळी तो आला की मी म्हणायची, "आता कसा झक्कास वाजतोय!" आणि आवाजातला जाणकार आपण, बायकोला कळलं ते आपल्याला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही, म्हणून तो मान हलवायचा. "हां, फरक हाय." दोन दिवसांनी परत तोंड पाडून बसायचा. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

मजा वाढली तशी मी धीट झाले. संध्याकाळी तो खुर्चीत बसला की मी मागं उभी राहून धवला गायला लागले. जो आवाज ह्यानं मांडवात दाबला, तोच ह्याच्या हॉलमध्ये, ह्याच्या टकलामागं, पूर्ण गळ्यानं. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. पण एकदा गाता गाता आईचं नाव आलं आणि मी थांबले. समोरचं टक्कल जराही हललं नव्हतं. तेव्हा ह्याच्या पेट्यांनी माझा आवाज बुडवला होता, आता ह्याचे कान बुडवत होते. भिंतीला शिव्या घालून कुणाचा राग गेलाय? त्याला कळायला हवं होतं, आणि लोकांदेखत.

तशी वेळ आली. आमच्या मुलाचं, धनेशचं, लग्न ठरलं. मुलगी मिताली, कामोठ्याची. रविवारी तिचे आईवडील हळदीचं बोलायला येणार होते. निशाही येणार होती. कमळाकरनं आधीच सांगून टाकलं होतं, "हळदीचा साउंड मी बघनार. धवलाबिवला नको." शनिवारी ॲम्प परत एकदा दुरुस्त होऊन आला.

रविवारी सकाळी तो व्याह्यांसाठी जिताडा मासा आणायला गेला, तेव्हा मी ॲम्पच्या मागं हात घालून स्पीकरच्या सगळ्या वायरी उपटून काढल्या.

दुपारी पाव्हणे आले. चहा झाला. कमळाकरला दम निघेना. "व्याही, आमचा थेटर बघा," म्हणून त्यानं रिमोट उचलला. पडद्यावर गाड्या एकमेकींवर आपटल्या, काचा फुटल्या, पूल कोसळला. हॉलमध्ये फक्त पंख्याची घरघर. कमळाकरनं आवाज वाढवला, ॲम्पवरचा निळा आकडा वर चढला. मग त्यानं व्याह्यांच्या तोंडाकडे बघितलं.

व्याही पडले मुलीचे बाप. पहिल्याच बैठकीत मुलीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणणार? त्यांनी मान डोलावली. "वा! मस्त!"

ते बघून कमळाकर फुलला. "बघलास?" धनेशला म्हणाला. "लोक म्हनत होते नवा घ्या. आता कसा क्लिअर हाय!"

"पप्पा..." धनेश म्हणाला. निशा माझ्याकडे बघायला लागली.

मी सोफ्यामागं हात घातला आणि मेथीची जुडी ठेवावी तशा सगळ्या वायरी टीपॉयवर ठेवल्या. "वायरी हितं हायत."

कमळाकरनं वायरींकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग व्याह्यांकडे. व्याही कपात बघत होते. आता! मी त्याच्या समोर उभी राहिले आणि जपून ठेवलेलं वाक्य काढलं.

"तुमाला काय कळतंय आवाजातला?"

"काय?" कमळाकर म्हणाला.

मी परत म्हटलं.

"काय म्हनते ती?" त्यानं निशाला विचारलं.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. इतकी वर्षं ज्याला धार लावली ते वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. कमळाकरचा हात हळूच स्वतःच्या कानाशी गेला. त्याचं तोंड पोरासारखं झालं होतं. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

राग तसाच होता. मी तिथंच फरशीवर मांडी घातली आणि गायला लागले. धनेशची हळद अजून लांब होती. मी गात होते ती निशाची. देव बोलावले, गाव बोलावलं, आणि मग माझ्या आईला नावानं हाक मारली. कुणी काही चालू केलं नाही. विहीणबाई माझ्याजवळ सरकल्या आणि त्यांनी ओळ उचलून धरली. निशानं तोंडाला ओढणी लावली.

कमळाकर खुर्चीतून उतरून माझ्यासमोर फरशीवर बसला. माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता.

"कंचा गाना?" त्यानं निशाला विचारलं.

निशा त्याच्या कानाशी वाकली. "माज्या हळदीचा, पप्पा. अर्धा राहिलेला."

ते त्याला ऐकू गेलं. मी संपवेपर्यंत तो हलला नाही. मग म्हणाला, "मालू, मना नाय आयकाला आला. परत गा."

इतकी वर्षं मी खरं तर हेच ऐकायला टपले होते. पण लगेच द्यायला मी काही संत नाही. मी टीपॉयवरच्या वायरी उचलून त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "धनेशच्या हळदीला गाईन. तवर कानांचा काय ता करा. दुरुस्त करताव का नवे घेताव, तुमचा तुमी बघा."

आणि मी जिताडा बघायला स्वयंपाकघरात गेले.