ज्याने राख सोडली

कोलोनच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दोघांनी एका म्हाताऱ्या बाईला स्ट्रेचरवरून आत आणलं. ओठ पांढरेफटक, डोळे खोल गेलेले. दुखण्यांवर हिमालयातली राख देणारा गुरू, माइस्टर ओडो नावाचा दाढीवाला जर्मन, तिच्यावर ओणवला.

"फ्राऊ बेकर, राख का सोडलीत? हिमालय बघत असतो, बाई! जो त्याला सोडतो, त्याला तो सोडत नाही!"

त्याने तिच्या जिभेवर चिमूटभर राख ठेवली. तीन-चार तासांनी सभा संपता संपता बाई उठून बसली आणि तिने सूप मागितलं. लोक हुंदके देत होते. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू!

ही १९५८ची गोष्ट. मी, श्रीरंग, तिथे रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो. माझा मित्र दत्तात्रय इंजिनिअरिंगला होता, सोबत त्याची बायको लतिका. संधिवाताने वहिनींची बोटं इतकी आखडली होती की त्यांची वेणी दत्ता घालायचा. ओडोच्या राखेने पंधरा दिवसांत त्या पोळ्या लाटू लागल्या. गंमत बघा, जर्मन भुलले कारण राख हिंदुस्थानातली, आणि आमची मंडळी भुलली कारण देणारा जर्मन! "अरे, जर्मन माणूस कशाला फसवेल?" हे दत्ताचं पालुपद. आठ महिन्यांत वहिनींचा चेहरा पुरीसारखा टम्म फुगला, तर आम्ही म्हणालो, जर्मनी मानवलं!

या बुवाबाजीने माझं मात्र डोकं फिरलं होतं. एका दुपारी त्यांच्या घरी गेलो, डबा उचलला आणि सगळी राख कोळशाच्या शेगडीत ओतली.

"बघू कुठला हिमालय खाली येतो!"

"भावजी, नका हो!" वहिनी किंचाळल्या.

चौथ्या दिवशी त्या पडल्या. उलट्या, गार घाम, नाडी हाताला लागेना. ओठ अगदी फ्राऊ बेकरसारखे. "तो बघतोय," त्या पुटपुटत होत्या. भरदिवसा, त्या उजेडाच्या खोलीत, माझ्यामागे कुणीतरी उभं आहे असं मला वाटलं. मी दोनदा वळून पाहिलं. अहो, मी! स्वतःला बुद्धिवादी म्हणवणारा!

दत्ताने माझी कॉलर धरली. "मारलीस माझ्या बायकोला! मी चाललो ओडोकडे."

तेवढ्यात मी फोन करून बोलावलेल्या डॉक्टर सुलेखाबाई आल्या. त्या तिथल्याच एका इस्पितळात काम करत. त्यांनी वहिनींचा गोल चेहरा पाहिला, दंडांवरचे काळेनिळे डाग पाहिले.

"काय घेत होती? आणि एकदम बंद कुणी केलं?"

"मी."

"वा, शहाणेच आहात!"

त्यांनी इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली, इस्पितळात सलाइन लावलं. संध्याकाळी वहिनींनी डोळे उघडले. दत्ता ढसाढसा रडला. मग बाई आम्हाला समजावून सांगू लागल्या.

"मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. मेंदूखालची ग्रंथी हुकूम सोडते, तसं त्या कॉर्टिसॉल बनवतात. रक्तात पुरेसं झालं की हुकूम थांबतो. त्या राखेत कॉर्टिसोनसारखं औषध आहे, लावा पैज! आयतं मिळतंय म्हटल्यावर हुकूम बंद झाला आणि ग्रंथी सुकल्या. त्या पुन्हा जाग्या व्हायला महिने लागतात. तोवर शरीर कशाच्या बळावर उभं राहणार? हाच तुमचा शाप. आणि राख परत दिली की माणूस उठतो, हा चमत्कार."

डब्याच्या कडेला चिकटलेली राख मी प्रयोगशाळेत तपासली. बाई पैज जिंकल्या. पोलिसांना ओडोच्या मागच्या खोलीत खलबत्ता आणि गोळ्यांच्या बाटल्या सापडल्या. राख त्याच्याच चुलीतली होती. भक्तांना निरोप गेले: एकदम बंद करू नका, इस्पितळात या, डोस हळूहळू उतरवू. दोनशेंपैकी चाळीस आले. बाकीच्यांचं काय झालं, मला माहीत नाही. त्यांचे पांढरे ओठ अजून माझ्या डोळ्यांसमोर येतात.

वहिनींना सावरायला वर्ष लागलं. बोटं पुन्हा आखडली. एकदा त्यांनी शांतपणे विचारलं, "भावजी, डबा ओतलात तेव्हा ती नुसती राख आहे हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं, वहिनी. मी धरून चाललो होतो."

"मग माझ्यात नि तुमच्यात फरक काय?"

म्हणून सांगतो, मंडळी, बुवाचं ऐकू नका, आणि माझ्यासारख्याचंही नुसतं ऐकू नका. तोंडात घालण्याआधी तपासा, आणि फेकून देण्याआधीही तपासा.