दुसऱ्याच्या पोरीची यादी

पिंपळीच्या रामहरीतात्या देवकात्यांना कॉलेजांमधलं सगळं कळतं, ही गोष्ट बारामती तालुक्यात कशी पसरली, असं कुणी विचारलं असतं तर तात्यांनी विषय बदलला असता. ते स्वतः बारावीच्या पुढं गेले नव्हते. एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात ते दूध तापवायच्या मशीनवर होते. पाइपाला हात लावून आतलं दूध किती गरम आहे ते सांगायचे. पण त्याबद्दल त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही.

झालं होतं असं. मेहुण्याच्या मुलाचा, यशराजचा इंजिनिअरिंगचा फॉर्म तात्यांनी पाळीवरून आल्या आल्या, अर्धवट झोपेत भरला होता. पुण्यात सारख्या नावाची दोन कॉलेजं. तात्यांनी एकाच्या जागी दुसरंच निवडलं. नेमक्या त्या साली तिथं जागा रिकाम्या राहिल्या आणि यशराजचा नंबर लागला. मेहुण्यानं भर चौकात तात्यांच्या गळ्यात हार घातला. तात्यांनी त्याला खरं काय ते सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी हारासकट फोटो काढून घेतला.

तेव्हापासून उन्हाळा सरला की लोक त्यांच्या ओसरीवर यायला लागले. आता आब राखणं भाग होतं. तात्यांनी मागच्या सालांचे कटऑफ गोळा केले, जवळचा चष्मा केला, आणि नवल म्हणजे त्यांना त्यातलं खरंच कळायला लागलं. त्यांची पद्धत साधी होती. यादीत वरती काही कॉलेजं आपल्या मार्कांच्या जराशी पलीकडची ठेवायची, नशीब उघडलं तर उघडलं. मधे आपल्या बरोबरीची, आणि तळाला दोन-तीन खात्रीची.

"आन् खात्रीचं कॉलेजबी असं बघा," ते बजावायचे, "का तितं जावं लागलं तर पोरगं तोंड पाडून जाऊ नये."

यंदा त्यांच्या स्वतःच्या मुलीचा, उत्कर्षाचा नंबर होता. तिला सीईटीत चौऱ्याऐंशी पर्सेंटाइल पडले. तात्यांनी एका बैठकीत यादी केली. सगळी कॉलेजं पुण्याची, शाखा सगळीकडं कॉम्प्युटर, आणि त्यातल्या सगळ्यात उतरत्या कॉलेजाचा मागच्या सालचा कटऑफ होता त्र्याण्णव.

उत्कर्षानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. "तात्या, ह्यात खात्रीचं कुठलं?"

"ते लोकांसाठी असतं. यंदा कटऑफ उतरणार हाय."

"कुणी सांगितलं?"

"अंदाज हाय माझा."

दुधाचा अंदाज चुकत नाही म्हणजे कटऑफचाही चुकणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. रोहिणी, त्यांची बायको, नुसती एकदा त्यांच्याकडं बघून आत गेली. फॉर्म भरला गेला.

प्रवेशाच्या पहिल्या फेरीचा निकाल लागायचा होता त्याच दिवशी इंदापुरात तात्यांचं व्याख्यान होतं. त्यांचे साडू आबाजी तिथल्या एका वाचनालयाचं काम बघत. त्यांनी फलक लावला होता, 'सुप्रसिद्ध करिअर मार्गदर्शक मा. रामहरी देवकाते'. तात्यांनी फलकाकडं न बघितल्यासारखं करत तो नीट वाचून घेतला. मग आबाजींना बाजूला घेऊन ते म्हणाले, "शेवटाला मला दोन मिनिटं जास्तीची द्या. एक बातमी सांगायची असंल." बातमी येणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

हॉल भरला होता. उत्कर्षा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली होती. तात्या बोलायचे, ती पडद्यावरची पाटी पुढं सरकवायची. तात्या रंगात आले. 'पालक नेहमी करतात ती चूक' अशी पाटी आली. खाली तात्यांनीच लिहिलेलं होतं, 'फक्त मोठ्या नावांची यादी करणे'. त्यावर ते भरभरून बोलले. आपल्या लेकराचे मार्क बघायचे सोडून काही बापलोक आपल्याच मिशीला पीळ देत बसतात, असं म्हणाले. लोक हसले. तात्याही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. उत्कर्षाच्या हातात फोन होता. तिनं त्यांच्याकडं बघून मान हलवली. आडवी.

 पुढचं वाक्य तात्यांना पाठ होतं, पण ते काही केल्या तोंडात येईना. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई उठली. बानूबाई तिचं नाव, पळसदेवहून मुलीला, श्रेयाला, घेऊन आली होती.

"तात्या, तुमची पोरगीबी यंदाच हाय न्हवं? तिला कुठं लागलं?"

"तिचं..." तात्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "तिची प्रक्रिया चालू हाय."

"म्हंजे लागलं न्हाय," मागून एक म्हातारा शांतपणे म्हणाला.

हॉलमध्ये कुजबुज झाली. आबाजी पंख्याकडं बघायला लागले. तेव्हा उत्कर्षा उभी राहिली.

"न्हाय लागलं," ती म्हणाली. "यादीत खात्रीचं एकबी कॉलेज नव्हतं. तात्या, पुढची पाटी घेऊ का?"

सगळा हॉल हसला. ते हसणं दुष्ट नव्हतं, पण त्यात उभं राहायला जागा अशी नव्हती. तिनं पुढची पाटी सरकवली आणि तात्यांनी ती कशीबशी वाचून काढली. जास्तीची दोन मिनिटं त्यांनी मागितली नाहीत.

परतताना उत्कर्षा गाडीवर मागं बसली होती. हेल्मेटात तात्या मनाशी सगळं भाषण पुन्हा ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला त्यांच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या. मिशीला पीळ देणारे बापलोक! हे वाक्य त्यांना आरशापुढं उभं राहून सुचलं होतं, तरी तेव्हा आरशात कुणी दिसलं नाही. एका चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली.

"माझं चुकलं," ते चहाकडं बघत म्हणाले. "अजून दुसरी फेरी हाय. पर आता मला काय सुचंना झालंय. लोकांच्या पोरांचं कसं लख्ख दिसतं."

उत्कर्षानं कप बाजूला ठेवला. मग ती उठली, चार पावलं लांब गेली आणि परत येऊन समोरच्या बाकावर अंग चोरून बसली.

"नमस्कार तात्या. मी पिंपळीची. चौऱ्याऐंशी पर्सेंटाइल हायेत. माझी यादी करून द्या."

तात्यांना हसू आलं, पण ती हसत नव्हती. मग तेही खिशातली वही काढून सावरून बसले. ओसरीवर बसतात तसे.

"शाखा कंची पायजे, बाळ?"

"इलेक्ट्रिकल."

"कॉम्प्युटर नको?"

"नको. आमच्या हिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर बिघडला की मीच खोलते. आमच्या वडलांना वाटतं मी खेळतीया."

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना तसंच वाटत होतं.

"पुणं चालंल का?"

"पुणं म्हंजे आत्याकडं राहायचं. तितं पंखासुदिक इचारून लावावा लागतो."

बहिणीची बाजू घ्यायला तात्यांचं तोंड उघडलं, पण परक्या पोरीच्या आत्याबद्दल आपण काय बोलणार, म्हणून त्यांनी ते मिटलं.

"बरं. घरापासून किती लांब चालंल?"

"दर रविवारी घरी येता येणार न्हाय, येवढं लांब."

हे तात्यांना टोचलं. "का गं?"

"असं तुमी बाकीच्या पोरांना इचारता?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "त्यांचं नुसतं लिवून घेतो."

त्यांनी तेही लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, की या तीन गोष्टींतली एकही आपल्याला ठाऊक नव्हती. पहिल्या यादीत पोरगी कुठंच नव्हती. कुठल्या कॉलेजाच्या गेटापुढं आपण छाती काढून उभे राहू, एवढाच हिशोब होता. लोकांच्या पोरांसाठी आपण शहाणे ठरलो, कारण त्या गेटांपुढं आपल्याला उभं राहायचंच नव्हतं.

दुसऱ्या फेरीची यादी बापलेकीनं मिळून केली. वरती आवाक्याच्या जराशी पलीकडची होतीच. मधे सांगली-कोल्हापूरकडची बरोबरीची. खात्रीची निवडताना तात्यांनी प्रत्येक नावाला विचारलं, "हितं जावं लागलं तर जाशील?" दोन नावांना ती 'न्हाय' म्हणाली, ती त्यांनी खोडली. नंबर लागला तो मधल्या घोळक्यातल्या एका कॉलेजात, कोल्हापूरकडं, इलेक्ट्रिकलला.

प्रकल्पात अजितनं, त्यांच्या पाळीच्या जोडीदारानं विचारलं, "पुणं हुकलं व्हय, तात्या?"

"हुकलं," तात्या म्हणाले. "मलाच जायचं हुतं पुण्याला. तिला न्हवतं."

ओसरीवर आता कुणी फिरकणार नाही, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण रविवारी बानूबाई पुढच्या फेरीच्या यादीसाठी श्रेयाला घेऊन पळसदेवहून हजर झाली. तिच्या मागं इंदापूरची आणखी दोन घरं. "तुमचं सोताचं चुकलंय," बानूबाईनं कारण सांगितलं, "म्हंजे आता आमचं नीट बघाल."  तात्यांनी चटई टाकली. बानूबाई सांगायला लागली तशी त्यांनी तिला थांबवलं आणि आधी श्रेयाला बोलू दिलं.

प्रवेश पक्का करायला ते उत्कर्षासोबत एसटीनं गेले. कॉलेजात मोठी रांग होती. पुढं उभा असलेला सोलापूरकडचा एक बाप शाखांची नावं बघून गोंधळल्यासारखा दिसत होता. गप्प राहायचं असं तात्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. ते बराच वेळ टिकले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि यादीचे तीन भाग समजावून सांगायला सुरुवात केली. त्या माणसाच्या मुलाचा प्रवेश आधीच झाला होता, तो फक्त पावती घ्यायला उभा होता. तरी त्यानं सगळं ऐकून घेतलं.

उत्कर्षा तोवर वसतिगृह बघून आली. "खोली तिसऱ्या मजल्यावर हाय," ती म्हणाली. "एका बटनात करंट न्हाय. संध्याकाळी बघते." तिनं तात्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि ती जेवणाची जागा शोधायला पुढं निघाली.